दिवस उघडला: गुलाबी

बंगळूरचा सॉफ्टवेअर विकणारा मूर्ती फोनवर म्हणाला, "कोट्यान सर, तुमच्याकडे ही गुलाबी कोण? रोज सगळ्यांच्या आधी येते." मी विचारलं, कुठे येते? "सर्व्हरवर. तुम्ही यादी पाठवलीत ना, त्यात एकेचाळीस नावं आहेत. प्रत्येकापुढे शेवटचं कधी आलं ती तारीख आहे. तिच्यापुढे आजचीच. आठ पंचावन्न. कालही आठ पंचावन्न. फार वक्तशीर बाई हो." तो हसला. मीही हसल्यासारखं केलं. मग दुसरा फोन येतोय म्हणून सांगून फोन ठेवला. दुसरा फोन येत नव्हता. समोर हिशेब विभागातली हिल्डा पिंटो बसली होती. मूर्तीचा आवाज मोठा आहे, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने माझ्या चहाच्या पेल्यावर बशी झाकली आणि म्हणाली, "निवेल." एवढंच. गुलाबी माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. हिल्डा तिच्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं बसली होती.

यादी मीच काढली होती आणि मीच पाठवली होती. नावं मोजली नव्हती असं नाही. मोजली होती. पण शेवटची तारीख दाखवणारा रकाना यादीत आपोआप येतो हे माझ्या लक्षात राहिलं नाही. सत्तावीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात राहिलं नाही.

आमचा संघ सुपारीवाल्यांचा. मंगळूरच्या बंदर भागात खाली गोदाम आणि काटा, वर कचेरी, त्याच्या वर आमचा संगणक विभाग. सभासदांच्या बागा, त्यांच्या पोत्यांची वजनं, प्रतवारी, भाव, पावत्या, सगळं एका डेटाबेसमध्ये आहे. तो डेटाबेस ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते जुनं झालं आहे. कंपनीने त्याच्या दुरुस्त्या देणं बंद केलं, त्यालाही दोन वर्षं होतील. नवीन घ्यायचं तर लायसन्स नव्याने घ्यायचं, आणि तिथे दोन वाटा आहेत. छोट्या संस्थांना सवलत आहे, पण ती चाळीस नावांपर्यंतच. म्हणजे सर्व्हरवर येणारी माणसं चाळीस किंवा कमी असली पाहिजेत. एकेचाळिसावं नाव आलं की नावांचा हिशेब सुटतो आणि सर्व्हरच्या ताकदीवर पैसे लागतात. ते तिपटीच्या वर जातात. एका नावासाठी वीस लाख. पुत्तूरच्या गोदामाचं छप्पर तेवढ्यात होतं, आणि ते छप्पर दोन पावसाळे गळतं आहे. सवलत सप्टेंबरअखेर संपणार होती. नोव्हेंबरात नवी सुपारी यायला लागते, मग कोणी सर्व्हरला हात लावू देत नाही. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर हेच काय ते दिवस होते. हे सगळं मला गेल्या वर्षीही माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षीही.

आमचे जनरल मॅनेजर सदानंद आळ्वा. त्यांनी त्याच दुपारी बोलावलं. टेबलावर पुत्तूरच्या गोदामातली भिजलेली पोती, त्यांचे फोटो. "कोट्यान, तीन वर्षं मी विचारतोय आणि तीन वर्षं तुम्ही सांगताय, थांबू या. हे काय डबल चोल आहे का, ठेवलं की भाव चढायला?" डबल चोल म्हणजे दोन पावसाळे काढलेली सुपारी. आमच्याकडे जुन्या मालाला जास्त भाव असतो, त्यामुळे शेतकरी माळ्यावर ठेवून देतो, मुलीचं लग्न निघालं की काढतो. मी म्हणालो, पहिल्या वर्षी नवीन आवृत्ती कच्ची होती, त्यात चुका होत्या. "बरं." दुसऱ्या वर्षी तुम्हीच निवडणूक आहे म्हणालात, संचालक बदलणार होते. "बरं. आणि या वर्षी?" मी टेबलावरचे फोटो उचलून एकावर एक ठेवले. "माझा भाचा म्हणतो की फुकटचंही मिळतं." मिळतं, पण आपले सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागतील, दोन वर्षं जातील, असं मी सांगितलं. तेही खरं होतं. गेल्या तीन वर्षांत मी आळ्वांना एकही कारण खोटं दिलं नाही. प्रत्येक कारण खरं होतं, तीच तर सोय होती. "मारायरे," आळ्वा म्हणाले, आमच्याकडचं 'अहो राव', "तुमच्यावर भरवसा आहे म्हणून मी संचालकांपुढे तुमचीच वाक्यं म्हणतो. पण शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पतपेढीचा सर्व्हर बाहेरच्यांनी बंद पाडला, वाचलंत ना? जुनाच होता. आपलं तसं झालं तर अकरा हजार सभासदांना मी काय सांगू? तुमचं वाक्य?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "चाळीस नावं करा. कोणीतरी एक असेलच ना बिनकामाचं."

जिना चढताना मी पाचव्या पायरीवर थांबलो. तिथून गोदामातला काटा दिसतो. ताग, धूळ, वाळलेली सुपारी, यांचा वास तिथे सगळ्यात जास्त येतो. त्याच पायरीवर उभी राहून गुलाबी ओरडायची, "उघडला!" एकोणीसशे नव्याण्णव साली संगणक आले तेव्हाची गोष्ट. आधी मोठ्या वह्या होत्या, सकाळी वहीत तारीख घातली की दिवस सुरू. संगणकावर मात्र रोज सकाळी एकाने दिवस उघडायचा, कालचे भाव बंद करून आजचे लावायचे, मगच काट्यावरची पावती निघते. ते काम टायपिस्ट म्हणून लागलेल्या गुलाबीकडे आलं. खालच्यांना वरचा पडदा दिसत नव्हता. म्हणून ती दिवस उघडला की पाचव्या पायरीपर्यंत उतरून यायची आणि ओरडायची. मग काट्यावरचा मोनप्पा पहिलं पोतं टाकायचा. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. मी तिला शिकवायला बसायचो. ती एका बोटाने नव्हे, दहाही बोटांनी टाइप करायची, मी दोन बोटांनी. ती म्हणायची, "शिकवणारे तुम्ही आणि चालवणारी मी." कळफलक रोज ओल्या फडक्याने पुसायची, मी सांगायचो पाणी आत जाईल, ती म्हणायची अजून गेलं नाही ना. डब्यात केळ्याचे बन्स, म्हणजे गोड पुऱ्या, असायचे. तेलाचे हात पुसून ती कळफलकाला हात लावायची आणि मी मात्र तसाच लावायचो, मग पुन्हा फडकं. प्रत्येक पावतीच्या तळाशी एक ओळ छापून यायची. 'दिवस उघडला: गुलाबी.' ती ओळ मी टाकली होती. चूक झाली तर कोणाची ते कळावं म्हणून टाकली होती. बाकी काही मनात नव्हतं. असलं तर मला माहीत नव्हतं.

त्या ओळीमुळे ती सगळ्या तालुक्यांत ओळखीची झाली. माणसं तिला भेटायला जिना चढून यायची. पुत्तूरकडचे शंकरनारायण भट वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, स्वतःचा जुना माल घेऊन यायचे. एका वर्षी त्यांचं वजन एका पोत्याने कमी लागलं होतं, ते गुलाबीने पकडलं. तेव्हापासून ते फणसाच्या पापडांचं पुडकं आणायचे, वर पेनाने लिहिलेलं असायचं, 'गुलाबी अक्कांना.' गुडघे दुखायला लागल्यावर ते जिना चढेनासे झाले, पुडकं खाली खिडकीवर ठेवून जायचे. ती गेल्यावरही ठेवून जात होते. पावतीवर नाव येत होतं, त्यांना कसं कळणार? हिल्डा पुडकं माझ्या टेबलावर ठेवायची आणि मी घरी न्यायचो. पापड तळले नाहीत. फडताळात तीन पुडकी आहेत.

आता ते आठ पंचावन्नचं सांगितलं पाहिजे. तिला डायलिसिस लागलं तेव्हा आठवड्यातून तीन सकाळी जायच्या. दिवस उघडायला ती धडपडायची, सुई काढल्या काढल्या रिक्षा करून यायची, हाताला पट्टी तशीच. एकदा जिन्यात बसली. मी ठरवलं की हे बस झालं. एका रविवारी मी सर्व्हरवर नेमणूक लावली, रोज आठ पंचावन्नला दिवस आपोआप उघडेल. अधिकार तिच्या नावाला होते म्हणून नेमणूकही तिच्याच नावाने लावली. तात्पुरती. सोमवारी ती साडेनऊला आली, पाहिलं तर दिवस उघडलेला, खाली पोती पडताहेत. "कोणी उघडला?" मी सांगितलं, तू. तिने पावती पाहिली. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती खुर्चीत बसली, फडकं काढलं, कळफलक पुसला, आणि म्हणाली, "म्हणजे आता मी आले काय नि नाही काय." मी म्हणालो, अगं तुला त्रास नको म्हणून. "त्रास मी सांगितला होता का तुम्हाला?" मग बऱ्याच वेळाने, हिल्डा चहाला गेल्यावर, "अहो, सुट्टी द्यायची असते विचारून. न विचारता देतात ती वेगळी असते." त्यानंतर ती आठ महिने जगली. ज्या सकाळी येऊ शकली त्या सकाळी आठ पन्नासला पडद्यासमोर बसायची. पंचावन्नला दिवस आपोआप उघडताना बघायची, मग पाचव्या पायरीवर जाऊन ओरडायची. आवाज लहान झाला होता. मोनप्पा घड्याळ बघून आधीच पोतं हातात धरून उभा असायचा, पण टाकायचा नाही, तिची वाट बघायचा. मी नेमणूक काढून टाकू शकलो असतो. एका मिनिटाचं काम. तिने पुन्हा सांगितलं नाही आणि मी काढली नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आठ पंचावन्नला दिवस उघडला. मी स्मशानातून आलो होतो, घरी माणसं होती, आणि मी मोबाइलवर तेवढं बघितलं. उघडला होता.

गॅस, रेशनकार्ड, बँकेचं खातं, ही नावं मी पहिल्या महिन्यात बदलून घेतली. त्यात काही वाटलं नाही, रांगेत उभं राहायचं असतं, माणूस राहतो. पण आमच्या संघात नोकरी संपली की एक फॉर्म फिरतो. चाव्या, ओळखपत्र, कॅन्टीन, संघाची छत्री, वाचनालय, प्रत्येक विभाग सही करतो की या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही. गुलाबीचा फॉर्म मीच हातात घेऊन फिरलो होतो. छत्री सापडत नव्हती, ती घरी दाराच्या मागे निघाली, तीही दिली. शेवटचा रकाना संगणक विभागाचा, 'लॉगिन बंद केले.' तिथे विभागप्रमुखाची सही लागते. विभागप्रमुख मी. आस्थापनेतल्या शेणॉयनी सहा महिने विचारलं, मग विचारायचं सोडलं. फॉर्म माझ्या खणात होता, खाली, जुन्या टेपच्या डब्यांखाली.

आळ्वांकडून आल्यावर हिल्डा माझ्या टेबलाशी आली. "सर, चाळिसात बसवायचंय म्हणे. नोंदणीवरच्या सेकेरांचं नाव काढा. ते अजून पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून पडद्याला लावतात. त्यांना काय लॉगिन नि काय." मी म्हणालो, सेकेरा रोज दोनशे नोंदी करतात. "मग वॉचमनचं?" वॉचमनला नाहीच. "मग माझं काढा. मला पेन्शनला दीड वर्ष राहिलंय, मी वहीत लिहीन, अक्षर चांगलं आहे माझं." ती हे थट्टेत म्हणत होती आणि थट्टेत म्हणत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "सर, ती मला एकदा बोलली होती. म्हणाली, हिल्डा, ह्यांनी मला यंत्रात बसवून ठेवलंय. हसत म्हणाली होती. हसतच म्हणायची ती सगळं." मग स्वतःच्या टेबलाकडे जाता जाता वळून, "गणेश चौथीला दोन दिवस सुट्टी आहे. रविवार धरून तीन. मूर्तीला सांगू का?" मी म्हणालो, सांग.

चौथीच्या दिवशी रस्त्यावर ढोल वाजत होते आणि कचेरीत आम्ही दोघंच होतो. मूर्ती बंगळूरहून फोनवर. हिल्डाने घरून अळूच्या पानांचे पत्रोडे आणले होते, ख्रिस्ती घरात चौथीचं काय, म्हटल्यावर म्हणाली, "पानं चौथीला विचारून उगवत नाहीत." बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिला, मगच जुनं बंद केलं. काम मला येतं. काम करताना काही वाटत नाही, पुढची पायरी, पुढची पायरी. गुलाबीच्या नावावर काय काय लटकलंय ते आधी काढलं. मला वाटत होतं एक नेमणूक असेल. अकरा कामं निघाली. बँकेला जाणारी फाइल, सभासदांचे वाढदिवस, रोजचे भाव फलकावर पाठवणं, मीच वेळोवेळी तिच्या नावाला अधिकार आहेत म्हणून तिथेच टाकत गेलो होतो. ती गेल्यानंतरही चार टाकली होती. तारखा समोर होत्या. तिच्याकडून मी तीन वर्षं काम करून घेत होतो. दहा कामं मी एकेक करून माझ्या नावावर घेतली. अकरावं घेतलं नाही. हिल्डा मागून बघत होती. "हे राहिलं." ते हाताने उघडायचं, मी म्हणालो. "कोणी?" जो आधी येईल त्याने. तिने पत्रोड्याचा डबा पुढे केला.

रविवारी सकाळी तिचं नाव बंद केलं. जुन्या पावत्यांवर तिचं नाव राहतं, ते कुठे जात नाही, मी आधीच तपासलं होतं. बंद होतं ते फक्त येणं. नाव बंद करायला तिचा पासवर्ड लागत नाही. माझा पुरतो. यादी पुन्हा काढली, चाळीस. मूर्तीने तिकडून सांगितलं, "पर्फेक्ट सर, सवलत बसली." मग खणातून फॉर्म काढला. कागद पिवळा पडला होता, बाकी सगळ्या सह्यांची शाई फिकी झाली होती. मी सही केली, तारीख घातली. तारीख खरी घातली, त्या दिवशीची.

सोमवारी मी आठ वीसला आलो. तिची खुर्ची हिल्डाच्या टेबलाजवळच आहे, तिथे आता कोणी बसत नाही, प्रिंटरचे कागद असतात. कागद उचलून खाली ठेवले. बसलो. पंचावन्न झाले. काही झालं नाही. इतकी वर्षं पंचावन्नला काहीतरी व्हायचं आणि मला ते ऐकू येत नसे, कारण त्याला आवाज नव्हताच. आता काही झालं नाही ते मात्र ऐकू आलं. नऊ वाजले. खालून मोनप्पाचा आवाज, "वर काय झालंय मारायरे? मशीन पावती देत नाही! गाड्या दारापर्यंत आल्यात!" हिल्डा आली, पर्स खांद्यावर, मला त्या खुर्चीत बघून दारातच थांबली. मग पर्समधून रुमाल काढून पाण्याने ओला केला आणि माझ्यापुढे टाकला. मी कळफलक पुसला. पाणी आत जाईल असं मनात आलं. नऊ वाजून सात मिनिटांनी, दोन बोटांनी, माझं नाव घालून दिवस उघडला. जिना उतरून पाचव्या पायरीवर गेलो. खाली मोनप्पा, हमाल, सहा-सात शेतकरी, सगळे वर बघत होते. मी म्हणालो, उघडला. कोणाला ऐकू गेलं नाही. मोनप्पाने कानामागे हात धरला. मग मी ओरडलो. मोनप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं, डोक्याचं फडकं काढून पुन्हा बांधलं, आणि पहिलं पोतं टाकलं.

अर्ध्या तासाने जिन्यात पावलं वाजली, एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. शंकरनारायण भट वर आले. कठड्याला धरून श्वास घेत होते. एका हातात पुडकं, दुसऱ्या हातात पावती. "मालाला भाव बरा मिळाला," ते म्हणाले. "पण पावतीवर आज नाव वेगळंय. म्हटलं, बघून यावं. गुडघे नको म्हणतात, तरी म्हटलं बघून यावं. अक्का रजेवर आहेत?"

हिल्डा टाइप करायची थांबली.

"रजेवर नाही," मी म्हणालो. "गेली."

पुडकं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, पोटाशी धरलं. "कधी?"

"काल."

ते हळूहळू समोरच्या स्टुलावर बसले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग डोळे उघडून माझ्याकडे, माझ्या शर्टाकडे, माझ्या दाढी केलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि रागावल्यासारखं, घरच्या माणसाला बोलावं तसं म्हणाले, "काल गेल्या, आणि तुम्ही आज कामावर कशाला आलात हो?"

तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी उठलो. हिल्डाने माझ्या पुढ्यातला रुमाल उचलला आणि म्हणाली, "जा सर तुम्ही घरी. संध्याकाळी दिवस मी बंद करते." भटांनी पुडकं माझ्या हातात दिलं. वर पेनाने लिहिलेलं होतं. मी ते पिशवीत घातलं नाही, तसंच हातात धरून जिना उतरलो.